ब्रिक लेनच्या भिंती

लंडनला ऑनसाइट आलेल्या मराठी माणसाचे वीकांत ठरलेले असतात. पहिले दोन-तीन महिने टॉवर ब्रिज, ग्रीनिच, ब्रिटिश म्युझियम. फोटो घरी पाठवून झाले की मग देशी दुकानातून कोथिंबीर आणि मेथी, आठवड्याचे कपडे, डोंबिवलीला व्हिडिओ कॉल आणि रविवारी संध्याकाळी पोटात येणारा सोमवारचा गोळा. या यादीत ब्रिक लेन माझ्याकडे एकदाच आली होती, तीही हापिसातल्या लोकांबरोबर करी खायला. जेवण यथातथाच होतं. भिंतींवर रंगीबेरंगी काहीबाही काढलेलं होतं, त्यापुढे उभं राहून फोटो काढले आणि परत आलो.

तेव्हा कोणी विचारलं तर मी सांगायचो, "दोन वर्षांसाठी आलोय." त्याला आता पाच वर्षं होतील.

परवाच्या शनिवारी बायको मैत्रिणींबरोबर बाहेर जाणार होती आणि ऊन पडलं होतं (इथे ही बातमी असते). म्हटलं, या वेळी त्या भिंती जरा नीट बघून येऊ. आधीच सांगतो, मी काही इतिहासकार नाही. दिवसभर डेटाबेस सांभाळणारा माणूस आहे. पण थोडं वाचून गेलो होतो आणि पायात चांगले बूट होते. एवढ्या भांडवलावर जे दिसलं ते लिहितोय.

ऑल्डगेट ईस्ट स्टेशनातून बाहेर पडलं की दोन-चार मिनिटांवर एक छोटी बाग लागते. हापिसातून सँडविच घेऊन आलेले लोक गवतावर बसलेले असतात. या जागेवर शतकानुशतकं सेंट मेरीचं चर्च होतं. त्याचा मूळ रंग पांढरा, म्हणून या सगळ्या भागाचं नाव व्हाइटचॅपेल. १९४० च्या डिसेंबरात जर्मन बॉम्बहल्ल्यात चर्च जळालं आणि पुढे उरलेलं पाडून टाकलं. आज या बागेचं नाव आहे आल्ताब अली पार्क.

आल्ताब अली हा २५ वर्षांचा बांगलादेशी तरुण जवळच्या कपड्यांच्या कारखान्यात काम करायचा. ४ मे १९७८ च्या संध्याकाळी कामावरून घरी जाताना, या बागेला लागून असलेल्या अॅडलर स्ट्रीटवर तीन पोरांनी त्याला भोसकून मारलं. ओळख नाही, भांडण नाही. त्याच दिवशी स्थानिक निवडणुका होत्या आणि 'बाहेरच्यांना हाकला' म्हणणाऱ्या नॅशनल फ्रंटचे उमेदवार उभे होते. दहा दिवसांनी सुमारे सात हजार माणसं त्याच्या शवपेटीमागून ब्रिक लेनपासून थेट पंतप्रधानांच्या घरापर्यंत चालत गेली. तोपर्यंत मान खाली घालून, गटागटाने घरी जाणारी ही वस्ती त्या दिवसापासून बदलली असं जुने लोक सांगतात. १९९८ मध्ये बागेला त्याचं नाव दिलं.

बागेच्या एका कोपऱ्यात ढाक्याच्या शहीद मिनाराची छोटी प्रतिकृती आहे. १९५२ मध्ये २१ फेब्रुवारीला बंगाली भाषेसाठी ढाक्यात जे विद्यार्थी गोळीबारात गेले, त्यांचं हे स्मारक. हुतात्मा चौकावरून लहानपणापासून गेलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. भाषेसाठी माणसं मरतात हे आपल्याला माहीत आहे. भाषेच्या नावावर आणखी काय काय होतं, तेही माहीत आहे. त्याकडे नंतर येतो.

बागेतून निघून ऑस्बर्न स्ट्रीटने वर गेलं की तीच पुढे ब्रिक लेन होते. पूर्वी इथे विटा भाजायचे, म्हणून हे नाव. रस्त्यांच्या पाट्या इंग्रजीत आणि बंगालीत. उजव्या-डाव्या हाताला करीची दुकानं, जुन्या कपड्यांची दुकानं, आणि जिथे म्हणून हात पोचतो तिथे रंग. दरवाजे, शटर, विजेच्या पेट्या, पाइप. काही चित्रं खरंच सुरेख, काही नुसता कंडू शमवणारी.

पण मला बघायची होती ती फोर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची साधी विटांची इमारत. आज ती ब्रिक लेनची जामे मशीद आहे. बांधली १७४३ मध्ये, फ्रेंच प्रॉटेस्टंटांनी, म्हणजे ह्युगेनॉट लोकांनी, आपलं चर्च म्हणून. १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने त्यांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि चाळीस-पन्नास हजार माणसं इंग्लंडात पळून आली. 'रेफ्युजी' हा शब्दच त्यांच्याबरोबर इंग्रजीत आला. पुढे १८०९ पासून इथे ज्यूंना ख्रिस्ती करून घेणारी एक संस्था होती. तिचं फारसं जमलं नाही. १८१९ मध्ये मेथडिस्ट आले. १८९० च्या दशकाच्या अखेरीस त्याच ज्यूंनी, ख्रिस्ती न होता, तिथे सिनेगॉग केलं. १९७६ पासून मशीद. आमच्या धंद्यात याला लेगसी सिस्टिम म्हणतात. मूळ लिहिणारे केव्हाच गेलेले, प्रत्येक नव्या टीमने आपलं काहीतरी वर चढवलेलं, आणि तरीही चालू.

फोर्निए स्ट्रीटच्या बाजूला मान वर केली तर अगदी वर एक सूर्यतबकडी दिसते. तिच्यावर १७४३ हा आकडा आणि दोन लॅटिन शब्द आहेत. अर्थ साधारण असा, की आपण सगळे नुसत्या सावल्या. एवढ्या मालकांपैकी एकानेही ती काढली नाही.

याच गल्लीतल्या जुन्या घरांच्या पोटमाळ्यांना रुंद खिडक्या आहेत. त्या शोभेच्या नाहीत. ह्युगेनॉट हे रेशीम विणणारे, त्यांना मागावर भरपूर उजेड लागायचा. खिडक्या बघत उभा होतो तेव्हा वाचलेली एक गोष्ट आठवली, आणि ती मला या सगळ्या फेरफटक्यात सगळ्यात जास्त टोचली.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बायका भारतीय छापील सुती कापडावर फिदा झाल्या होत्या. स्वस्त, हलकं, धुतलं तरी रंग जात नाही. आपलं चीट ते हेच. इंग्रजीतला 'चिंट्झ' आपल्याच 'छींट'वरून आला आणि 'कॅलिको' कालिकत बंदरावरून. त्यामुळे इथल्या विणकरांचं पोट मारलं जाऊ लागलं. १७०० च्या कायद्याने बाहेरून छापून येणारं कापड बंद केलं, पण लोक वापरायचे थांबेनात. १७१९ मध्ये स्पिटलफील्ड्सचे विणकर हजारोंनी रस्त्यावर उतरले आणि चिटाचे झगे घातलेल्या बायकांना गाठून भर रस्त्यात त्यांचे कपडे फाडले. शेवटी १७२१ मध्ये सरकारने बहुतेक छापील सुती कापड अंगावर घालायलाच बंदी केली.

म्हणजे बघा. स्पिटलफील्ड्स ही तेव्हा लंडनमधली निर्वासितांची मोठी पेठ. जेमतेम एक पिढी झालेली. आणि बाहेरचा माल इथून हाकला म्हणून दंगा करणारी पेठही तीच. विणकरांची भूक खोटी नव्हती, हेही खरं. दंग्याच्या मुळाशी बहुतेक वेळा खरीच भूक असते. ती कोणाच्या अंगावरचे कपडे फाडते, एवढाच प्रश्न.

पुढची पाळी ज्यूंची. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातल्या कत्तलींतून पळून आलेले लोक याच गल्ल्यांत, याच घरांत भरले. शिंपीकाम, चपला, टोप्या. फोर्निए स्ट्रीटच्या पलीकडच्या प्रिन्सलेट स्ट्रीटवर १९ नंबरचं घर आहे, १७१९ मध्ये बांधलेलं, म्हणजे बरोबर त्या दंग्याच्या वर्षातलं. त्याच्या मागच्या बागेत १८६९ मध्ये छोटं सिनेगॉग बांधलं. समोरून काहीच कळत नाही. पुढे या भागात 'परके नकोत' म्हणणारी संघटना निघाली, सभा झाल्या, आणि १९०५ मध्ये इंग्लंडचा परदेशी लोकांना रोखणारा पहिला आधुनिक कायदा आला. माझ्या व्हिसाचा खापरपणजोबा तो.

बंगाली लोक त्याही आधीपासून येत होते, जहाजांवरून. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून इंग्रजी जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी असत. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत, मूळ शब्द आपला 'लष्कर'. त्यांच्या मुकादमाला 'सेरँग' आणि हाताखालच्याला 'टिंडल'. हे वाचताना मी थांबलो. सारंग आणि तांडेल! आमच्या वर्गात दोन तांडेल होते. कारण हे खलाशी नुसते बंगालचे नव्हते. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडची माणसं असत आणि जेवणघरात गोव्याची. सिल्हेटचे लोक बहुतेक कोलकात्याहून, खाली इंजिनखोलीत कोळसा ओढायला. त्यातले काही लंडनच्या धक्क्यावर उतरून पळाले आणि इथे राहिले, त्यांच्यामागून गावकरी आले. उपाशीतापाशी, गोदीच्या रस्त्यांवर पडलेल्या खलाशांसाठी १८५७ मध्ये लाइमहाउसला एक धर्मशाळाही निघाली होती. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात १८५७ म्हटलं की मेरठ आणि झाशी. त्याच वर्षी कोणी कोकणी खलाशी लंडनच्या धर्मशाळेत थंडीने कुडकुडत बसलेला असू शकेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आता चित्रांकडे येतो, नाहीतर म्हणाल भिंती म्हणून बोलावलं आणि वंशावळ ऐकवली.

प्रिन्सलेट स्ट्रीटवरच्या एका दारावर स्टिक नावाच्या चित्रकाराने २०१० मध्ये दोन माणसं काढली आहेत. काड्यांची, लहान मूल काढतं तशी. एक साधी, एक नकाबातली. दोघांनी हात धरलेत. बस. यात समजावण्यासारखं काही नाही आणि तरी त्यासमोर पाच मिनिटं जातात.

तिथून हॅनबरी स्ट्रीटवर आलं की अख्ख्या भिंतीएवढा एक पक्षी दिसतो. रोआ नावाच्या बेल्जियन चित्रकाराने काळ्या-पांढऱ्यात काढलेला. असं सांगतात की तो बगळा काढत होता. येता-जाता बंगाली लोक थांबून विचारायला लागले, हा सारस का? सारस त्यांच्या जिव्हाळ्याचा पक्षी. तेव्हा त्याने बगळ्याचा सारस करून टाकला. गोष्ट थोडी घोटून गुळगुळीत झालेली असेलही, पण मला आवडली. परक्या गावात चित्र काढताना तिथल्या लोकांना काय दिसतंय हे विचारणं, यालाच रिक्वायरमेंट गॅदरिंग म्हणतात. आमच्या क्लायंटला हे जमत नाही.

याच्या उलटही इथे घडलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये काही चिनी विद्यार्थ्यांनी एका रात्रीत इथली लांबच लांब भिंत पांढरीफटक केली, आधीची सगळी चित्रं पुसून, आणि त्यावर लाल अक्षरांत चिनी सरकारची बारा समाजवादी मूल्यं लिहिली. सकाळ झाल्यावर लोकांनी त्याच्याच भोवती, त्याच्याच वर उत्तरं लिहायला सुरुवात केली. हाँगकाँगबद्दल, उइघुरांबद्दल. दोन-तीन दिवसांत पालिकेने सगळंच पुसलं. आपली मूल्यं लिहायची तर आधी दुसऱ्याचं चित्र पुसावं लागतं का, हा प्रश्न भिंतीवर राहिला नाही, पण राहिला.

शेवटचा टप्पा जरा लांब आहे. ब्रिक लेनवरून परत खाली येऊन, व्हाइटचॅपेल रोड ओलांडून दक्षिणेला पंधरा-वीस मिनिटं चालायचं. इथे पर्यटक संपतात. साध्या इमारती, वाळत घातलेले कपडे, सायकल शिकणारी मुलं. केबल स्ट्रीटवर सेंट जॉर्जेस टाउन हॉल आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीसमोर उभे राहा.

४ ऑक्टोबर १९३६. ऑस्वाल्ड मोस्ली आणि त्याचे काळे शर्ट घातलेले फॅसिस्ट ज्यूंच्या या वस्तीतून मोर्चा काढणार होते. बंदी घाला म्हणून हजारो सह्यांचा अर्ज गेला, सरकारने मानला नाही. उलट मोर्च्याला वाट करून द्यायला सहा-सात हजार पोलीस आले. आणि समोर लाखाच्या वर माणसं उभी राहिली. ज्यू शिंपी, आयरिश गोदी कामगार, कम्युनिस्ट, शेजारपाजारचे. केबल स्ट्रीटवर आडवा ट्रक, टेबलं, खुर्च्या. घोड्यांच्या पायाखाली गोट्या टाकल्या. बायकांनी वरच्या खिडक्यांतून लघवीची भांडी पोलिसांवर रिकामी केली. शेवटी पोलिसांनीच मोस्लीला मागे फिरायला सांगितलं.

भिंतीवर हे सगळं एकदम अंगावर येतं. घोडे, काठ्या, ती भांडी, मधेच चड्डीवरचा हिटलर. सगळं भोवऱ्यासारखं फिरतंय. हे चित्र डेव्ह बिनिंग्टनने सुरू केलं. १९८२ मध्ये रात्री येऊन कोणीतरी त्यावर वंशद्वेषी घोषणा फासल्या आणि त्याने वैतागून काम सोडलं. पॉल बटलर, रे वॉकर आणि डेस्मंड रॉचफर्ट यांनी १९८३ मध्ये ते पुरं केलं. त्यानंतरही त्यावर हल्ले झाले, पुन्हा पुन्हा रंगवलं गेलं. २०११ मध्ये ७५ वर्षं झाली तेव्हा पुन्हा दुरुस्त केलं.

एक सांगायला हवं. ही काही सिनेमासारखी सुखान्त गोष्ट नव्हती. आठवड्याभरात माइल एंड रोडवर ज्यूंची दुकानं फोडली गेली. १९३७ च्या कौंटी निवडणुकीत बेथनल ग्रीनमध्ये फॅसिस्टांना वीस टक्क्यांहून जास्त मतं पडली. आल्ताब अलीचा खून या चित्राच्या गोष्टीनंतर ४२ वर्षांनी, इथून चालत वीस मिनिटांवर झाला. भिंत एकदा रंगवून भागत नाही.

त्या भिंतीसमोरच्या कठड्यावर बसलो आणि मला ७ ऑगस्ट २०२४ आठवला. साउथपोर्टच्या खुनांनंतर इंग्लंडभर स्थलांतरितांविरुद्ध दंगे पेटले होते आणि त्या बुधवारी कुठे कुठे हल्ले होणार याची एक यादी फोनाफोनी फिरत होती. त्यात आमचं वॉल्थमस्टो. दुकानदार दुपारीच फळ्या ठोकत होते. मी बायकोला फोन करून लवकर ये म्हटलं, पडदे ओढले, दिवे घालवले. कर भरणारा, पाच वर्षांत ट्रॅफिकचा नियमही न मोडलेला मी, अंधारात बसून विचार करत होतो की खालचं दार किती मजबूत आहे. संध्याकाळी बाहेर आवाज आला. बघतो तर हजारो लोक, पण ते दंगेखोरांना अडवायला आलेले. दंगेखोर जवळजवळ आलेच नाहीत. त्या गर्दीतल्या कोणालाही मी ओळखत नव्हतो. पडदा थोडा बाजूला करून बघत राहिलो, खाली मात्र उतरलो नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

आणि त्याच्यामागून आठवलं ते २००८. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. मुंबईत, ठाण्यात, नाशकात उत्तरेकडच्या लोकांना मारहाण होत होती. डोंबिवलीच्या आमच्या गल्लीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत त्यांना चालते व्हा म्हणून लिहिलेलं होतं, आणि मी रोज त्याच्यासमोरून स्टेशनला जायचो. मी कोणाला हात लावला नाही. पण मनातून म्हणायचो, बरोबरच आहे, नोकऱ्या कुठे उरल्यात? गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीवाला होता, आम्ही त्याला भैया म्हणायचो. एक दिवस त्याची हातगाडी दिसली नाही. आई म्हणाली, "भैया गावाला गेला, आता कपडे तुझे तूच इस्त्री कर." मी कुरकुर केली. मुलाखत होती दुसऱ्या दिवशी, कॅम्पसची. त्याच नोकरीने मला पुढे इथे आणलं.

तो किती वर्षं तिथे होता ते मला माहीत नाही. त्याचं नावही माहीत नाही. तोही पहिल्यांदा आला तेव्हा दोन वर्षांसाठीच म्हणून आला असणार.

गेल्या दिवाळीत घरी गेलो होतो. ती भिंत आता नाही, तिथे टॉवर झालाय. त्याच्या खाली आडोशाला दुसरा एक इस्त्रीवाला बसतो. या वेळी कपडे द्यायला मीच गेलो आणि नाव-गाव विचारलं. त्याने आधी संशयानेच पाहिलं, कागदपत्रं तपासायला आलोय की काय म्हणून. ते त्याचं बरोबरच होतं. मग सांगितलं. जौनपूर.

असो. जायचं असेल तर ऑल्डगेट ईस्टला उतरा, आल्ताब अली पार्कपासून सुरुवात करा आणि शेवटी केबल स्ट्रीट बघून शॅडवेलहून गाडी पकडा. रमतगमत तीन तास पुरतात. रविवारी ब्रिक लेनवर बाजाराची तोबा गर्दी असते, तेव्हा शनिवार बरा. आणि मशिदीपाशी मान वर करायला विसरू नका.